राखणदाराचा दुसरा रोट

मार्थाबाईंच्या रिपोर्टमध्ये मी जे गाव लिहिलं, ते मला सापडलेलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मामाला सांगावं लागलं नाही, कारण गाव त्याचंच.

डिचोलीत माझं छोटं ऑफिस आहे. मी वंशावळी काढतो. बहुतेक कामं जमिनीच्या वारसांची. मार्थाबाईंचं काम वेगळं होतं. त्या मेरीलँडच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या घराण्याचा अमेरिकेतला पहिला पुरुष पीटर. अमेरिका देश व्हायच्या आधी तंबाखूच्या शेतावर राबायला नेलेला. मालकाच्या कागदात एवढंच, की हा गोव्याहून जहाजात चढला. खरं नाव नाही, गाव नाही.

"तुमच्या घरात काही वेगळी पद्धत?" मी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"कापणी झाली की आजी मक्याची जाड भाकरी करायची. शेताच्या टोकाच्या झाडाखाली ठेवायची, वर थोडी व्हिस्की. परतताना मागे बघायचं नाही. विचारलं तर म्हणायची, राखण करणाऱ्यासाठी."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे, पेडणे-डिचोलीच्या गावांत, वर्षातून एकदा शिवेवर राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला, रोट देतात. तांदळाच्या पिठाचा जाड रोट, फेणी आणि विडी. परतताना कुणी मागे बघत नाही.

पण काटा येणं हा पुरावा नव्हे. आमच्या धंद्यात प्रूव्हन म्हणजे त्या काळच्या कागदाने सिद्ध झालेलं. पॉसिबल म्हणजे असू शकेल. बार्देश-साष्टीत चर्चची जुनी पुस्तकं मिळतात. पेडणे-डिचोली पोर्तुगीजांकडे बऱ्याच उशिरा आली. इथल्या कुळवाड्याचा जन्म त्या काळात कोण लिहून ठेवणार?

तरी मी हटलो नाही. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायची आणि गाव धरायचं. मोप्याच्या पठाराखालची गावं झाली, कारापूर झालं. समुद्रापार गेलेल्या माणसाची गोष्ट कुणाकडे आहे का, हे विचारत फिरलो. गोष्ट कुठेच नव्हती. रोट मात्र सगळीकडे होता, आणि प्रत्येक गाव म्हणायचं, मागे न बघण्याची रीत खरी आमचीच.

मग मार्थाबाईंचा फोन आला. हार्टचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मला गावाचं नाव तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "बाकी राहू दे."

त्या रविवारी मी लाटंबार्सेला मामाकडे गेलो. तो काजूच्या बिया सुकत घालत होता. सगळं ऐकून म्हणाला, "घाल मरे आमचा नाव. देवचार काय कोर्टात सायन करूक येतलो?"

"मामा, माझ्या नावावर रिपोर्ट जातो."

"तिका गाव नाय. हंयसर घरां बंद पडतत. दोगांचाय काम भागतला."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये लाटंबार्से लिहिलं आणि पुढे प्रूव्हन. दया आली होती, हे खरं. पण 'सापडलं नाही' लिहायचीही मला लाज वाटत होती, हे जास्त खरं.

ऑपरेशन नीट झालं. बाई बऱ्या झाल्या आणि आल्याच. मोप्याला विमानातून उतरल्या आणि तडक गावात. रोटाचाच दिवस होता. मामाच्या शेजारच्या म्हातारीने त्यांचा हात धरून म्हटलं, "उशीर केलंस गो बाये." शिवेवरच्या झाडाखाली बाईंनी आपल्या हाताने रोट ठेवला. मग कुणी न सांगता वळल्या आणि मान ताठ ठेवून चालू लागल्या. मामाची थट्टा तिथेच संपली.

"हिका सांगूक लागूक नाय," तो पुटपुटला. "आमचीच ही."

तेव्हापासून गावकरी दरवर्षी दोन रोट ठेवतात. दुसरा पिटराच्या नावाने. तिकडे बाईंनी शेताच्या टोकाला दगड बसवला, त्यावर पीटर आणि खाली लाटंबार्से. मला फोटो पाठवला. मी 'सुंदर' असं उत्तर दिलं.

गेल्या महिन्यात मामाला म्हटलं, "मी बाईंना खरं कळवणार."

त्याने विडी विझवली. मग म्हणाला, "कळव. पण रोट बंद जावचो नाय. राखणदाराक एकदा दिलो तो दिलो. चूक तुझी, त्याची न्हय."

माझ्या धंद्यात येणाऱ्या नव्या माणसाला एवढंच सांगेन: पुरावा नसेल तर 'नाही' लिहावं. कागदावर खाडाखोड करता येते, दगडावर नाही.

शोध मी सोडलेला नाही. अजून रविवारी स्कूटर काढतो. पण तो आता माझ्यासाठी. मार्थाबाईंना मी एक वाक्य देणं लागतो: तुमचं गाव मला सापडलेलं नाही.