वीणाचा ण

वीणा गेल्याचा मेसेज तिच्या मुलानं, निखिलनं, पाठवला. हिंदीत, सगळ्यांना एकच. ‘मेरी माँ श्रीमती वीना जी अब नहीं रहीं.’ मयूर विहारच्या माझ्या गॅलरीत मी वाळलेले कपडे काढत होते. खोटं कशाला सांगू, आधी हुंदका नाही आला, शिवी आली. अरे मेल्या, आज तरी आईचं नाव नीट लिही! मग मात्र तो कपड्यांचा गठ्ठा पोटाशी धरून मी तिथंच खाली बसले…

पहाडगंजच्या मराठी शाळेत ती मराठी शिकवायची आणि मी गणित. अख्खी दिल्ली तिला ‘वीना मॅडम’ म्हणायची आणि ती अख्ख्या दिल्लीला ओ द्यायची नाही. भाजीवाल्याकडून, दूधवाल्याकडून, शाळेच्या इन्स्पेक्टरकडूनसुद्धा तिनं ण म्हणवून घेतला होता. ‘जीभ एवढीशी वर उचलायची असते गं, तेवढेही कष्ट नकोत या लोकांना!’ मी नागपूरकडची. स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी मी ‘पानी द्या’ म्हटलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, ‘पाणी देते, पानी आमच्याकडे नसतं.’ असा राग आला होता म्हणून सांगू! कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते. पण मागच्या बाकावरचं पोर पुटपुटलं तरी त्यातली चूक हिला फळ्याकडे तोंड असताना ऐकू यायची, हे मान्यच करायला हवं. आणि एवढा कान असलेल्या बाईच्या पोटी निघाला कोण, तर निखिल. इथेच जन्मला, इथेच वाढला, गुडगावला मोठ्या पगारावर आहे, आणि मराठी बोलतो ती आपल्यावर उपकार केल्यासारखी. ण त्याच्या तोंडात कधी आलाच नाही.

गेल्या वर्षी इथल्याच, दिल्लीतल्या द्वारकेच्या त्यांच्या सोसायटीनं क्लबहाऊसमध्ये ‘हेल्थ कॉर्नर’ काढला. निखिल कमिटीवर, म्हणजे मग काय विचारता! फीत कापली, समोसे वाटले, फोटो काढले. पेनाएवढा कॅमेरा, त्याच्या टोकाला दिवा. तो कानात घातला की भिंतीवरच्या पडद्यावर कानाचा पडदा ताटाएवढा दिसतो, आणि कुठेतरी दुसऱ्या शहरात बसलेला डॉक्टर तो बघून निदान करतो. ज्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना ‘झोप लागली का’ म्हणून वर्षानुवर्षं विचारलं नसेल, ते त्यांचे कान दाखवायला रांगेत उभे. यंत्राला मी नावं ठेवत नाही. डोंगरातल्या एखाद्या गावात, जिथं कानाचा डॉक्टर कधी येत नाही, तिथं एखाद्या लेकराच्या पडद्याचं भोक त्यात दिसलं तर मी त्या यंत्राला हळदकुंकू वाहीन. माझा तिटकारा आहे तो चित्र मिळालं की माणसाचं ऐकायची गरज संपली, असं मानणाऱ्या दीडशहाण्यांचा.

वीणाचा उजवा कान तेव्हा महिनाभर ठणकत होता. निखिल तिला घेऊन खाली गेला. तिथल्या मुलीनं कॅमेरा कानात घातला आणि बजावलं, ‘आंटी, बोलना बिल्कुल नहीं, फोटो हिल जाती है.’ गंमत बघा. दुखतंय जिला, तिचंच तोंड बंद. मग बोलला कोण, तर चिरंजीव. ‘डॉक्टर साहब, मम्मी का कान ठनक रहा है.’ हिंदीत ठनकणं म्हणजे भांड्यासारखं वाजणं. पलीकडून डॉक्टरनं विचारलं, ‘मतलब आवाज़ आती है? बजता है?’ यानं मान डोलावली, ‘जी, बजता है.’ ठणका म्हणजे आतून ठणठण मारणारी कळ, हे आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या बाईच्या मुलाला ठाऊक नव्हतं! वीणानं कॅमेरा हातानं बाजूला केला आणि म्हणाली, ‘ठनकत नाही रे, ठणकतोय!’ ‘तेच ना आई, वही तो बोला.’ डॉक्टर म्हणाला, क्या कह रही हैं? तर हा हसून सांगतो, ‘कुछ नहीं सर, मम्मी मराठी टीचर थीं, मेरा उच्चार सुधार रही हैं.’ सगळे हसले. तो स्क्रीनवरचाही हसला. पडदा बघून म्हणाला, एकदम मोती जैसा है, इस उम्र में कान बजते ही हैं, गोली लिख देता हूँ.

त्या संध्याकाळी तिचा मला फोन. संतापानं नुसती धुमसत होती. कशावरून? कानावरून नाही हो, ण वरून! ‘चारचौघांत हसले गं मला. आता मेले तरी त्या लोकांसमोर तोंड उघडणार नाही.’ मी म्हटलं, अगं बाई, ते हसू दे, दुखण्याचं काय? दुसऱ्या डॉक्टरला दाखव. तर म्हणते, ‘पडदा चांगला आहे की. फोटो बघितला मी.’ तिलाही त्या चित्रानं भुरळ घातली होती! डॉक्टरनं मोती म्हटलं म्हणून स्वारीनं तो कानाच्या पडद्याचा फोटो आपला डीपी करून टाकला. गोल, करडा, चमकदार. लोक विचारायचे, हा कुठला ग्रह? आणि इकडे हिवाळाभर कानात लसणीचं कोमट तेल, वर कान वाजण्याच्या गोळ्या. कळ गिळताना वाढते, हे तिनं मला होळीच्या सुमारास सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं, असं वर म्हणाली.

मी तिला ओढतच आमच्याकडच्या म्हाताऱ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं कान बघून पटकन सोडून दिला, आणि मग बराच वेळ आरसा घालून घसा बघत बसला. ‘कान ठीक है, इसीलिए डर रहा हूँ,’ म्हणाला. कॅन्सर जिभेच्या मुळाशी होता. तिथलं दुखणं कानात उमटतं. ‘दर्द है, इतना भी किसी ने बताया होता तो गला तभी देख लेते,’ म्हणाला, आणि चिठ्ठी लिहायला लागला. आयुष्यभर जी जीभ वर उचलायला लोकांना शिकवलं, तिच्याच मुळाशी… मी पुढे लिहीत नाही. मानेत पसरला होता तो.

हॉस्पिटलमध्ये गळ्याला नळी लावल्यावर तिचा आवाज गेला. पलंगावरच्या पाटीवर ‘वीना’ लिहिलं होतं. तिनं खुणेनं माझ्याकडचं पेन मागितलं आणि न चा ण केला. दुसऱ्या दिवशी नवी पाटी आली, पुन्हा ‘वीना’. तिनं माझ्याकडे बघितलं आणि यावेळी पेन मागितलं नाही. त्या वॉर्डात तेव्हा मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

परवा निखिल घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दया आली का? थोडी. तो म्हणाला, ‘मावशी, तो वर्ड एकदा म्हणून दाखव ना.’

‘ठणका,’ मी म्हटलं.

‘ठनका.’

‘जीभ वर ने. टाळूला लाव. ठणका.’

आधी सगळे न च आले. मग एकदम, अगदी स्वच्छ, म्हणाला, ‘ठणका.’

‘आता आला होय रे?’ मी म्हटलं. ‘आता कुणाच्या कानाचं सांगणार आहेस?’ तो टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. आईचा नंबर बंद करू का, हे विचारायला आला होता, फोन समोरच उघडा होता, आणि त्यावर तिचा तो मोत्यासारखा, कुठेही काही न झालेला पडदा. मी उठून ग्लास भरून आणला.

‘घे, पानी पी,’ मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही थांबलो… कुणीच मला सुधारलं नाही.