सोनूबाबांची जागा

कुठल्याही पबमध्ये शिरले की सोनूबाब आधी एक टाळी वाजवायचे. मालक दचकून बघायचा. आवाज भिंतींवर आपटून परत आला की म्हणायचे, "हंय नको. हंय जेवण बरा गावतला, पण बोलणा जावचा नाय." आणि पुढच्या पबकडे चालू लागायचे. स्वतः मात्र लिंबू-सोड्यापलीकडे कधी काही घेतलं नाही.

आम्ही पेडणे-डिचोलीकडचे आठ जण दर रविवारी पक्षी बघायला जातो. वर्षातून एकदा पणजीत एकत्र जेवतो. जागा ठरवणं हे सोनूबाबांचं काम. त्यांनी डिचोलीच्या एका खाणीत तीस वर्षं ड्रिल चालवलं होतं. रानात ते दुर्बीण फारशी लावत नसत. "पाखरू आदी कानान दिसता, मास्तर," असं मला सांगायचे. मी शाळामास्तर.

तीन वर्षांपूर्वी केरीच्या किनाऱ्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. गोंगाटात त्यातून नुसता कालवा ऐकू येतो, म्हणाले. "इतरांक सांगू नको. आवाज वळखतंय म्हणान माका बोलावतत. बहिरो म्हटल्यार कोण बोलावतलो?" मी शब्द दिला. टाळीचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

यंदा त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून जागा बघायला मला सांगितलं. मी दमलो होतो. घरी आईचं आजारपण, शाळेत पेपरांचे गठ्ठे. या खऱ्या गोष्टी आहेत, तरी सबबीच. ग्रुपवर कुणीतरी नदीकाठचा एक पब सुचवला. मी घरबसल्या फोनवर टेबल सांगून टाकलं.

"टाळी वाजयलंस मरे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्या दुपारी पबमध्ये पाऊल टाकताच स्पीकरवरचे ढोल छातीवर आदळू लागले. सोनूबाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. नंतर आमच्यातल्या नेहाने मोबाईल त्यांच्या कानाला लावला. "सोनूबाब, हा आवाज काल रानात सापडला. ओळखा!"

सगळे थांबले. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. इथे कुणालाच काही ऐकू येत नाही, एवढं मी म्हणू शकलो असतो. मी मेनूकार्ड उघडलं.

"कवडो," ते म्हणाले.

"अहो, सर्पगरुड! आज सोडा चढला वाटतं!" टेबल खदखदून हसलं. तेही हसले. थोड्या वेळाने उठून म्हणाले, "येतंय हां."

आमच्याकडे निघणारा माणूसही 'येतो'च म्हणतो, आणि हात धुवायला उठलेलाही. मी त्यांची खुर्ची धरून ठेवली. तळलेली मासळी गार झाली. ते परत येणार नाहीत हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, असं आता वाटतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो, समोर बसलो आणि टाळीचं खोटं कबूल केलं. माझे ओठ निरखत त्यांनी ऐकून घेतलं. "जांव दी. तो आवाज हाडलंस? हंय शांत आसा. लाव बघू."

नेहाने ग्रुपवर टाकलेला सर्पगरुडाचा आवाज मी लावला आणि मोबाईल पूर्ण मोठा करून त्यांच्या हातात दिला. ते कानाशी धरून बराच वेळ माडाकडे बघत राहिले.

"वाजता मरे?"

"नाही," मी म्हणालो. "बॅटरी संपली."

त्यांनी अंगणाकडे बोट केलं. कोंबड्या पिल्लांना घेऊन जास्वंदीखाली घुसल्या होत्या.

"मगे ती कित्याक पळाली, मास्तर?"