पंपाच्या वेळचा करंट

"चाचा, तुमचे डबे म्हणजे लाडक्या लेकी झाल्यात. माहेरी गुणाच्या, सासरी गेल्या की आठवड्यात आजारी!"

पुण्याचे शेठ पडवीत बसून असं म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मी आत चहा गाळत होते. अब्बाही हसले असतील, पण आवाज आला नाही. त्यांचं हसू नेहमी श्वासापुरतंच असायचं.

डबे म्हणजे प्रिंटरचे पॉवर सप्लाय. ऑफिसांनी काढून टाकलेले जुने प्रिंटर शेठ उचलायचे, दुरुस्त करून लहान ऑफिसांना विकायचे. बाकीचं काम त्यांचा माणूस पुण्यातच करी. पण भिंतीतली वीज घेऊन प्रिंटरला सोसेल तेवढीच पुढे देणारा तो पत्र्याचा डबा बिघडला, की पोत्यात बसून एसटीनं आमच्याकडे पौडला यायचा. अब्बांचं पूर्वी बाजारात रेडिओचं दुकान होतं. घरोघरी टीव्ही आले, रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले, दुकान बंद करावं लागलं. दुकानातलं टेबल आमच्या पडवीत आलं. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा, आणि त्याच सुमाराला बारावी करून मीही घरी परतले होते.

पहिलीपासून मी पुण्यात, कॅम्पात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहिले. तिच्या घराजवळ इंग्रजी शाळा होती आणि मी इंग्रजी शिकावं ही अब्बांची हौस. ते मला भेटायला रविवारी यायचे. खालाच्या खुर्चीत टेकल्यासारखे बसायचे, टोपी गुडघ्यावर. "बरी हायेस न्हवं?" असं विचारायचे. मी "हो" म्हणायचे. मग चहा यायचा, खालाशी दोन गोष्टी व्हायच्या आणि बसची वेळ व्हायची. मी गॅलरीत उभी राहून त्यांची टोपी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायचे. सांगायचं राहिलेलं सगळं तेव्हा आठवायचं. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा "हो."

घरी परतल्यावर वाटलं होतं की आता बोलणं होईल. पण मी तोंड उघडलं की शेजारच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. "ही तर पुस्तकावानी बोलतीया," एक जण म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी मी त्यानंतर नळावर गेले की घागर भरून गुपचूप परत यायला लागले. अब्बा मुळातच अबोल, त्यामुळे घरात आमचं दोघांचं मिळून फार तर एका माणसाएवढं बोलणं व्हायचं.

मग एक दिवस शेठनी डब्यांबरोबर इंग्रजी माहितीच्या झेरॉक्स पाठवल्या. अब्बांनी त्या माझ्यापुढे सरकवल्या आणि म्हणाले, "वाच." मी वाचायला लागले. एक ओळ इंग्रजीत, मग तिचं मला जमेल तसं मराठी. अब्बा डब्यात बघत ऐकायचे, जागा सापडली की बोटानं टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "फुडं." काही दिवसांनी त्यांनी कथील वितळवून तारांना डाग द्यायची कावी माझ्या हातात दिली. तारेचं टोक ते धरायचे, डाग मी द्यायचे. धूर डोळ्यांत गेला की दोघं एकदमच मान वळवायचो.

दुरुस्त झालेला डबा लगेच भिंतीला जोडत नसत. मध्ये एक साधा बल्ब असायचा, सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्या बल्बातून होऊनच डब्यात जायची. आत काही जळालेलं राहिलं असलं तर बल्ब लख्ख पेटायचा आणि मग सगळं पुन्हा खोलायचं. डबा नीट असला तर बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायचा. तो मंद झाला की अब्बा हळूच म्हणायचे, "निजला." जणू पाळण्यात कुणी होतं. त्या शब्दासाठी मी दिवसभर वाट बघत असे. कधीकधी तर कावी तापवायला मुद्दाम उशीर लावायचे, काम लवकर संपू नये म्हणून.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा परत आलेले डबे पडवीत मांडलेले होते. "इथून चालू होऊन येतात," शेठ म्हणत होते. "माझ्याकडेही चालू होतात. गिऱ्हाइकाकडे गेले, की दोन-चार दिवसांत धूर. लोक माझ्या नावानं शिमगा करतात हो." ते रागावलेले नव्हते. अब्बांना ते मानत, म्हणून तर स्वतः पौडपर्यंत आले होते. "मी म्हणतो, हे पोत्यातलं येणं-जाणंच नको. माझ्याकडे दुकानावर एक खोली आहे. तुम्ही तिथे बसा. सोमवारी यायचं, शनिवारी परत. रविवार अख्खा घरी."

मी ट्रे खाली ठेवला. आत जायला हवं होतं, पण तिथेच उंबऱ्याशी बसले आणि जवळचा डबा ओढून त्याचे स्क्रू काढायला लागले. हातांना काहीतरी हवं होतं. आत कपॅसिटर फुटलेला होता, जळकट वास येत होता. ट्रान्सफॉर्मरकडे लक्ष गेलं. त्याच्यावर वीज आत घ्यायच्या तीन जागा होत्या, प्रत्येकीपुढे भिंतीत किती व्होल्ट येतात त्याचा आकडा: दोनशे, दोनशे वीस, दोनशे चाळीस. तार दोनशेवर होती. दुसरा डबा उघडला. त्यातही दोनशेवर.

आम्ही कामाला बसायचो ते दिवेलागणीला, आणि त्याच वेळी नदीकाठचे पंप सुरू व्हायचे. घरातले बल्ब तांबूस पडायचे, पंखा पाती मोजता येतील असा फिरायचा. तेवढ्या करंटवर डबा पुरता उठायचा नाही, म्हणून अब्बा तार खालच्या आकड्यावर लावायचे. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. त्यांच्या हातचे रेडिओ इथल्याच घरांत जायचे, आणि इथल्या घरांत संध्याकाळी बातम्या ऐकायच्या तर तार खालीच हवी. इथे ते बरोबरच होतं. पण हे डबे पुण्यात जाणार होते. तिथे भरपूर वीज, आणि आमची तार पौडच्या संध्याकाळवर बेतलेली.

शेठसमोर बोलायचं कसं? मी उठून डबा अब्बांच्या पुढ्यात ठेवला आणि तारेवर बोट टेकवलं. अब्बांनी चष्मा वर केला, बघितलं, दुसरा डबा ओढून त्यातही बघितलं. मग कपाळावर हात मारला.

"शेठ, तुमच्या लेकींचा काय बी दोष न्हाई," ते म्हणाले. "मीच त्यास्नी पेजंची सवय लावली, आन् तुमी सासरी रोज बिर्याणी चारताय."

त्यांनी तारेची गोष्ट समजावून सांगितली. शेठ हसत सुटले. मलाही हसू आलं. सुटलो, असं वाटलं. चूक सापडली, तार वर लावून डबे जातील, टेबल इथेच राहील.

"मग तर ठरलंच!" शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले. "दोष तुमच्या हाताचा नाही, इथल्या करंटचा आहे. माझ्याकडे या, चोवीस तास फुल्ल लाईट. जिथे डबा चालणार, तिथेच तपासायचा. काय चाचा?"

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. मीच उघडलेल्या डब्यानं त्यांच्या हाती कारण दिलं होतं.

अब्बा बराच वेळ चहा फुंकत बसले. तो एव्हाना गार झाला होता. मग त्यांनी विचारलं, "खोलीला खिडकी हाय का?"

"आहे की. रस्त्यावर उघडते."

"धूर जायला पायजे, म्हनून इचारलं."

मला ते कळलं. ज्याला जायचं नसतं तो खिडकीची चौकशी करत नाही. सोमवारची पहिली एसटी मला दिसली, अब्बांच्या हातात जेवणाचा डबा, डोक्यावर टोपी. पडवीतलं टेबल, त्यावर चादर टाकलेली. आणि रविवार. "बरी हायेस न्हवं?" आणि मी, "हो." फक्त या वेळी खुर्ची आमच्याच घरातली.

मी काही म्हणायच्या आधी वाक्य मनात दोनदा जुळवून बघत असे, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. शेठ चपला शोधायला वाकले होते. अब्बा त्यांना पोचवायला उठत होते.

"शेठ," मी म्हणाले. दोघंही थांबले. अब्बांनी तर माझ्याकडे असं बघितलं, की आवाज कुणाचा ते त्यांना आधी कळलंच नसावं.

"पोतं धाडा तुमी. तार मी बघीन, प्रत्येक डब्याची. अब्बा हितंच बसतील." मी उघडलेला डबा जवळ ओढला. "मला रविवारचे अब्बा पुरे झाले."