धवलारीण आणि दोन ॲम्प्लिफायर

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी करंजाड्यात ताईच्या घरी दोन ॲम्प्लिफायरची परीक्षा झाली. एक भावोजींचा जुना, लग्नाच्या वर्षी घेतलेला. दुसरा नवा, दुकानदाराने आठवडाभर वापरून पाहायला दिलेला. नव्याची किंमत एका स्कूटरएवढी होती. ही तुलना ताईची. तिला स्कूटर हवी होती.

दोघांत ठरलं होतं ते असं: परीक्षकाने न पाहता नवा ओळखला तर तो घ्यायचा, नाही तर तो परत आणि स्कूटर बुक. परीक्षक म्हणून भावोजींनी गव्हाणहून आपल्या आत्याला आणलं. आत्या धवलारीण, म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी, धवले, म्हणणारी. तिच्या कानावर ताईचाही विश्वास होता. दोन्ही यंत्रांवर चादर टाकली. स्पीकर तेच ठेवले. बटण फिरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बातमीदार कोणाच्या बाजूचा नसतो, असं भावोजींचं मत पडलं.

गाणं त्यांनीच निवडलं होतं: स्वतःच्या लग्नातला, आत्यानेच म्हटलेला धवला, कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर उतरवलेला. आवाज ओळखीचा असला की बारीक फरकही कळतो, हा त्यांचा मुद्दा.

पहिली ओळ वाजली आणि आत्या गाऊ लागली. भावोजींनी हाताने थांबायची खूण केली; तिचे डोळे मिटलेले होते. मी आवाज बंद केला. ती थांबली नाही. सुरू केलेला धवला ती अर्ध्यावर सोडत नाही. तो संपल्यावर मी दुसरं यंत्र लावलं, आणि आत्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. लग्न कोणाचं, हे विचारायला शेजारच्या दोघी आल्या आणि बसल्या.

कोणता चांगला, असं भावोजींनी विचारलं.

"दोनी येलेला माजाच आवाज आयकला मी," आत्या म्हणाली. "बरा हाय."

तिसऱ्या फेरीआधी भावोजींनी तिच्या हातात तळलेल्या पापलेटची बशी दिली. तोंड भरलेलं असेपर्यंत ती ऐकेल, असा हिशेब होता. आत्याने घास घेतला आणि बशीवर ताल धरला. गाणं शेजारणींनी उचललं.

"अहो, आता कोणता चालू आहे?" ताईने विचारलं.

"नवा. कळतोच की फरक."

ताईने चादर उचलली. दिवा जुन्याचा लागलेला होता.

गाणं चुकीचं निवडलं गेलं, असं भावोजींचं म्हणणं होतं. आत्याने काटा बशीच्या कडेला ठेवला.

"मंग तुज्या लग्नात दुसरं गानं बोलाया पायजे व्हतं काय, बाला?"

संध्याकाळी आत्याला गव्हाणला सोडलं. उरलेलं पापलेट तिने डब्यात नेलं. सोमवारी नवा ॲम्प्लिफायर दुकानात परत गेला. त्याच्यासाठी रिकाम्या केलेल्या फळीवर ताईचं हेल्मेट असतं.