सुकवंताबाईंच्या संगणकातला धुरा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण — जाऊ द्या, सांगतोच.

देवरीला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सुकवंताबाई चिचगडकडच्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर बाई गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे जायच्या आणि धानाच्या जुन्या वाणांबद्दल ते जे सांगतील ते मोबाइलमध्ये त्यांच्याच आवाजात भरून घ्यायच्या. लुचई कधी पेरायचा, चिन्नोर कसा ओळखायचा, बी कशात ठेवायचं. चार वर्षं! एसटीनं, नाहीतर पायी. मी तर शेजारच्या म्हाताऱ्याशीही कधी धड बोललो नाही. मोबाइल भरायचा, म्हणून सगळं घरच्या संगणकात ठेवून मोबाइल रिकामा करायचं ठरलं आणि बाई तो माझ्याकडे घेऊन आल्या.

मी शहाणपण पाजळलं — पार्टिशन, एनटीएफएस, ईएक्सटी-फोर. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजे धानाच्या बांध्याच ना, बाबू? मंधात धुरा टाक. एक बांधी फुटली तं दुसरीतलं वाचलं पाह्यजे."

बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. बाप्पा! गिऱ्हाइकांना जे मला कधी समजावता आलं नाही, ते बाईंनी एका दमात सांगितलं. एका भागात विंडोज, दुसऱ्यात आवाज.

आणि मी काय केलं? अख्ख्या डिस्कची एकच सी ड्राइव्ह ठेवली. काऊन? कंटाळा — दुसरं काही नाही. पडद्यावर 'धान' नावाचं फोल्डर करून दिलं आणि तोंड वर करून सांगितलं, ही घ्या तुमची दुसरी बांधी.

पुढे विंडोज बिघडलं. बाई संगणक घेऊन आल्या, समोरच बसल्या. माझ्या हाताला सवय — सी फॉरमॅट करायची, म्हणजे पुसायची, आणि दुसऱ्या भागाला, डीला, हात लावायचा नाही. बटण दाबलं आणि मग दिसलं की डी नाहीच! पण चेहरा न बदलता म्हणालो, "डिस्क मेली, बाई."

"नागपूरले नेली तं निघन का?"

निघालं असतं हो! बरंचसं निघालं असतं. पण तिथला माणूस म्हणाला असता की डिस्क ठणठणीत आहे, धुराच नव्हता. म्हणून मी नाही म्हणालो. त्याच दुपारी ती डिस्क पार पुसली आणि दुसऱ्या कोणाच्या संगणकात बसवून टाकली. फॉरमॅट चुकून झालं म्हणता येईल. हे मी समजून-उमजून केलं.

बाई रडल्या नाहीत. "त्या म्हाताऱ्यातले दोघं आता नाहीत," एवढंच बोलल्या. मग पुन्हा निघाल्या — तीच गावं, तीच घरं.

यंदा भाचीनं त्यांना नवा संगणक घेऊन दिला. त्यात आवाज टाकून घ्यायला आल्या, तेव्हा मी थोडं ऐकलं. जे दोघं गेले, त्यांचं सांगणं बाईंनी आठवून आठवून स्वतःच्या आवाजात भरलं होतं. दर वेळी आधी त्यांचं नाव. जिथे अडल्या तिथे, "हे मले आठवत नाही." इतकं खरं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुकानात चार लोक होते. त्यांना बाई सांगत होत्या की या बाबूनं बरोबर धुरा टाकून देला होता, माझंच नशीब फुटकं. मग माझ्याकडे वळल्या.

"मागच्या बारीसारखाच टाक, बाबू."

मी म्हणालो, "हो, बाई."