स्वर्गीय नर्तकाचा साक्षीदार

फाल्गुनातली दुपार. आमटी-भात पोटात, वर्तमानपत्र तोंडावर, आणि मगदूम सरांचा एक पाय अजून जागा आहे. दुसरा कधीच झोपलाय. अशा वेळी सर बागेतल्या तांबट पक्ष्याची टुकटुक मोजतात. अठरापर्यंत जातात. एकोणिसावी टुकटुक कंपाउंडच्या भिंतीपलीकडून नलवडे नाझर काढतात.

"सर, जागे आहात का?"

नाझरांना जाऊन आठ महिने झालेत, हे सरांना ठाऊक आहे. पण शेजाऱ्याला तोंडावर असं कसं सांगायचं? सर भिंतीशी जातात. नाझर पलीकडे उभे, अंगात तोच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर.

"आज कोण कोण आलं?" सर विचारतात.

"बुलबुल दोन, हजर. शिंजीर एक, हजर. कोकीळ नुसता आवाज, समक्ष हजर नाही." कोर्टातली चौतीस वर्षांची नोकरी नाझरांनी निवृत्तीनंतर बागेत चालू ठेवली होती. मिरजेच्या त्या कॉलनीत पाखरांनाही तारखा पडायच्या. "तो मात्र नाही आला."

तो म्हणजे स्वर्गीय नर्तक. बारा वर्षांपूर्वी, याच दिवसांत, नाझरांनी कॉलनीभर सांगितलं होतं, की आपल्या कपड्यांच्या दोरीवर, बनियनच्या शेजारी, हातभर पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक बसला होता. कॉलनीनं सरांना विचारलं. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक खोटं कशाला बोलेल? सर म्हणाले, "बनियनच पाहिला असेल." तेव्हापासून नाझरांचं नाव 'स्वर्गीय' पडलं, तेही जिवंतपणी. पुढे ते खरोखर गेले, तेव्हा कॉलनीच्या सूचना-फळ्यावर 'स्वर्गीय नलवडे' वाचून दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. घसा बसला होता, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

"आता नाव रीतसर झालं," नाझर म्हणतात. "नाचता तेवढं येत नाही."

भिंत सरांच्या कमरेपर्यंत येते, मग चारी बाजूंनी येते, आणि सर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहेत. पाखरं बाहेर, मोकळी. वर पंखा फिरतोय, पंख्यावर साळुंकी फिरतेय. न्यायाधीशांच्या खुर्चीमागे दोरीवर बनियन वाळतोय.

बुलबुल खाकरतो.

"मी पाहिला होता," सर म्हणतात. "दाढी करता करता, खिडकीतून. बावीस वर्षं तो मी पोरांना फळ्यावर काढून दाखवत होतो, नाझरसाहेब. आणि आला कुठं, तर तुमच्या बनियनशेजारी!"

"ठाऊक आहे की."

"ठाऊक आहे?"

"अहो, अर्ध्या तोंडाला साबण आणि उरलेल्या अर्ध्याचा आ! तुमचं तोंड बघूनच माझी खात्री पटली. नाहीतर मलाही आधी बनियनच वाटला होता."

"मग बारा वर्षं बोलला का नाहीत?"

"साक्षीदार फितूर झाल्यावर नाझरानं काय करायचं? पुढची तारीख." नाझर जबानीचा कागद उलगडतात. "माझं सोडा हो. हिच्यासमोर अजून कुणी 'स्वर्गीय' म्हटलं की ही उठून आत जाते."

नाझर कागद पुढे करतात. सर खिशातलं पेन काढतात.

"सही नको. शिकलेल्या माणसाची सही फिरते. अंगठा द्या."

शाई नाही. नाझर वर हात करतात, कोर्टाच्या छतातून खाली आलेल्या फांदीची एक पिकली तुती तोडतात आणि सरांच्या तळहातावर ठेवतात. सर ती चिरडतात, अंगठा उमटवतात. दोरीवर पांढरं, लांब असं काहीतरी एकदाच हलतं. सर या वेळी 'बनियन' म्हणत नाहीत.

वर्तमानपत्र खाली पडतं. चार वाजलेत. सर बेसिनपाशी जातात, नळ सोडतात, हाताकडे बघतात आणि नळ तसाच बंद करतात. डावा अंगठा जांभळा झालाय, रेष न् रेष दिसतेय. ते चपला शोधू लागतात.

"चहा टाकलाय, आणि चाललात कुठं?" स्वयंपाकघरातून बायको.

"नलवडे वहिनींकडे."

"या उन्हात? काय काम काढलंत?"

"त्यांना अंगठा दाखवायचाय," सर म्हणतात आणि फाटकाची कडी काढतात.