झोपेची पाळी

काजवाल्या वहिनींनी शर्टाच्या खिशावर मधोमध काज पाडलं, तेव्हा त्यांचे डोळे टक्क उघडे होते. पण त्या झोपलेल्या होत्या. शिंपीमास्तरांनी शर्ट हातात घेऊन नुसतं पाहिलं. म्हणाले, "वहिनी, पुन्हा असं झालं तर मशीनवर दुसरं कुणी बसवावं लागेल. मला वाईट वाटेल, पण बसवीन."

वहिनींचे यजमान पाट्या रंगवायचे. अर्धांगवायूने एक बाजू गेली, तरी एकट्याने उठायची हौस गेली नाही. उठायचे आणि पडायचे. तेव्हापासून वहिनींचा डोळा लागला, तरी कान काही झोपत नव्हते.

रविवारी वरच्या मजल्यावरच्या ताई आल्या. त्या बेकरीच्या काउंटरवर असत. "चेहरा शिळ्या पावासारखा झालाय तुमचा. मी बसते यांच्याजवळ. तुम्ही आत जाऊन पडा."

"आणि तुमचा चेहरा भट्टीतून आत्ता निघालाय वाटतं?" असं म्हणून वहिनी आत जाऊन पडल्या. बाहेर चमचा पडला, त्या धावत आल्या. यजमान खोकले, पुन्हा आल्या.

"या घरात तुम्ही झोपत नाही," ताई म्हणाल्या. "वर जा, माझ्या खोलीत."

"आणि आजी?"

"बाहेरून कडी घालून आलेय. त्यांना खाली आणते. एक सांभाळा नाहीतर दोन, सारखंच."

आजी म्हणजे ताईंच्या सासूबाई. त्यांच्या आठवणीतलं सगळं पुसलं गेलं होतं. पिशवी उचलून 'घरी जाते' म्हणत रस्त्याला लागायच्या. खाली आल्या आणि यजमानांना त्यांनी आपला धाकटा भाऊच ठरवून टाकलं. "बाब्या, नीट बस!" कुणाचं न ऐकणारे यजमान मुकाट्याने नीट बसले.

वर जाऊन वहिनी ज्या पडल्या, त्या दिवेलागणीलाच उठल्या. खाली येऊन बघतात तर यजमानांच्या कपाळावर टेंगूळ, आणि ताई ओलं फडकं धरून बसलेल्या.

"पडले. डॉक्टरांना फोन केला, घाबरण्यासारखं नाही म्हणाले."

"मला हाक नाही मारलीत?"

"नाही मारली."

"माझा माणूस इथे पडतो आणि मी वर घोरत पडते! काय म्हणायचं तुम्हाला?"

"तुम्ही असताना पडत नाहीत का ते?"

परवाच ते वहिनींच्या डोळ्यांदेखत मोरीत पडले होते. राग मात्र गेला नाही. तेवढ्यात ताई उठल्या आणि त्यांचा तोल गेला. भिंतीला हात टेकून त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"शेवटचं कधी झोपलात?"

"आठवत नाही. सासूबाईंचं लागलंय बहुतेक मला," ताई म्हणाल्या. हसायला मात्र त्यांना जमलं नाही.

वहिनींनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "जा वर. आजी इथे राहू देत."

"त्या पिशवी उचलून निघतात हो."

"निघाल्या तर मी जाईन त्यांच्याबरोबर, दारापर्यंत."

"आणि पडल्या तर?"

वहिनींनी आजींकडे पाहिलं. "पडल्या तर उचलीन," त्या म्हणाल्या. "अगदीच नड असल्याशिवाय तुम्हाला उठवायची नाही."

ताई कठड्याला धरून, एकेक पायरी चढत वर गेल्या. थोड्या वेळाने वरच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.